पोटभाडेकरू आणि मटणाचा ट्रे

त्या शुक्रवारी मी आमच्या गावच्या वॅरनडूल बोलिंग क्लबात फक्त एक बिअर प्यायला गेलो होतो. ती पिऊन मुकाट्यानं घरी आलो असतो तर आज आमच्या फ्रीझरचं झाकण नीट लागलं असतं आणि गावातल्या खाटकानं मला बघून तोंडावर रुमाल धरला नसता. पण आमच्या घराण्यात मुकाट्यानं घरी यायची पद्धतच नाही. माझे वडील एकदा टपाल टाकायला म्हणून गेले आणि गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचं कबूल करून आले. त्यांना ट्रॉम्बोन येत नव्हता.

क्लबात शिरलो तर सगळे टोप्या काढून उभे. मला वाटलं, गेलं कोणीतरी.

"मर्व्हचा कॉम्प्युटर गेला," आमची अध्यक्षीण नोएलीन कॅथकार्ट म्हणाली. "आज उघडून बघितला तर आत मुंग्या."

"किती?"

"मोजायला नाही घेतल्या, लिंडसे."

मर्व्ह टली स्वतः चार वर्षांपूर्वी गेला. तो गेला तेव्हाही आम्ही टोप्या काढल्या होत्या, पण त्या दिवशी क्लबाचं काम अडलं नव्हतं. आमच्याकडे दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मटणाच्या ट्रेची सोडत असते. आठ चॉप्स, दोन किलो सॉसेज, खारवलेल्या मांसाचा एक गड्डा आणि वर शोभेला पार्सलीची काडी. पूर्वी ही सोडत बादलीतून निघायची. शहाण्णव साली चिठ्ठी काढणाऱ्याच्या बोटांना टोमॅटो सॉस लागलेला होता आणि त्याच्या मेव्हण्याची चिठ्ठी बोटांना चिकटून वर आली. ती दोन कुटुंबं आजही चर्चमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसतात. तेव्हापासून गावानं ठरवलं की माणसावर विश्वास नको. मर्व्ह शाळेत गणित शिकवायचा, त्यानं कॉम्प्युटरवर सोडतीचा प्रोग्राम लिहून दिला. दोनशे सभासद, प्रत्येकाला कायमचा एक नंबर. नंबर मेल्याशिवाय सुटत नाही. माझा एक्केचाळीस. माझी बायको ग्लेनिस, तिचा त्रेसष्ट.

सत्त्याण्णवपासून आजवर, म्हणजे साधारण तेराशे शुक्रवार, मला एकदाही ट्रे लागलेला नाही. ग्लेनिसला सहा वेळा लागला. ज्याला मटण चालत नाही त्या पाद्रीबाबांना तीनदा लागला. मी कधी कुरकुर केली नाही. निदान मोठ्यानं नाही. मर्व्ह दर शुक्रवारी माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "नशीब वर टांगलेलं असतं, लिंडसे. हात पोचायला हवा." मला त्याचं कौतुक वाटायचं. गणिताच्या मास्तराला तत्त्वज्ञानही येतं असं वाटायचं.

तर सांगत होतो मुंग्यांचं. नोएलीन म्हणाली, "मर्व्हचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही म्हणे. पुन्हा बादली काढावी लागणार." बादली म्हटल्याबरोबर चर्चमधली दोन्ही कुटुंबं एकमेकांकडे बघायला लागली. आणि मी, ज्यानं चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्यापलीकडे कुठल्याही यंत्राशी संबंध ठेवला नव्हता, बिअरचा ग्लास खाली ठेवून म्हणालो, "माझ्यावर सोपव."

ह्याला एक कारण होतं, ते आत्ताच सांगून टाकतो. बारच्या वर, अगदी छताला टेकून, आमच्या क्लबाचा आजीव सभासदांचा फळा आहे. काळं लाकूड, सोनेरी अक्षरं. शेवटचं नाव मर्व्हचं. त्याच्याखाली एक ओळ मोकळी होती आणि दोन महिन्यांनी होणाऱ्या वार्षिक सभेत ती कोणाला द्यायची ह्यावर कार्यकारिणीत चर्चा चालली होती. मला ती ओळ हवी होती. गाडी नको, बंगला नको, पण त्या फळ्यावर, मर्व्हच्या खाली माझं नाव हवं होतं. तीस वर्षं आम्ही क्लबाच्या हिरवळीवर एका जोडीत चेंडू घरंगळवले होते. ह्यात लपवण्यासारखं काही नाही.

शिवाय मी वाचनालयातल्या एका मासिकात नुकतंच वाचलं होतं की एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, खोटाखोटा कॉम्प्युटर बसवता येतो. व्हर्च्युअल मशिन म्हणतात त्याला. बाहेरचा घरमालक, आतला पोटभाडेकरू. पोटभाडेकरू आपल्या खोलीत जुन्या काळातली सिस्टिम लावून बसतो आणि त्याला वाटतं की सगळं घर आपलंच आहे आणि अजून अठ्ठ्याण्णव साल चालू आहे. मला ही कल्पना फार आवडली. क्लबातल्या निम्म्या सभासदांचं असंच असतं.

मर्व्हचा प्रोग्राम एका फ्लॉपीवर होता. ती फ्लॉपी क्लबाची मालमत्ता, त्यामुळे घरी न्यायला फॉर्म. फॉर्मवर दोन सह्या, त्यातली एक खजिनदाराची, आणि खजिनदार मासेमारीला गेलेला. तो नऊ दिवसांनी आला आणि म्हणाला, हा फॉर्म खुर्च्या घरी नेण्यासाठीचा आहे. मग आम्ही 'खुर्ची' खोडून 'फ्लॉपी' लिहिलं आणि 'पाय शाबूत आहेत का' ह्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. तोवर सोडती बंद. गावात कुजबुज सुरू झाली की लिंडसेला जमणार नाही.

घरी कुंपणापलीकडे क्लॅरी हार्गन राहतो. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली आणि निवृत्त झाल्यावर सल्ला द्यायला लागला. तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "पोटभाडेकरू ठेवतोयस, पण त्याला जागा किती देणार?"

"जागा म्हणजे?"

"मेमरी रे. कमी दिलीस तर कुरकुरेल, जास्त दिलीस तर घरमालक उपाशी मरेल. अर्धी अर्धी दे. लग्नात तसंच करतात."

घरच्या कॉम्प्युटरवर मी अर्धी अर्धी दिली. जुनी सिस्टिम उठायला पंचेचाळीस मिनिटं घ्यायची आणि उठली की निळी पडून पुन्हा झोपायची. एकदा ती धड उठली आणि माझा माऊस आत गेला तो बाहेरच येईना. बाण त्या आतल्या चौकटीत भिंतींना धडका देत फिरतोय आणि मी बाहेरून बघतोय. सुटकेसाठी एक ठरावीक बटण दाबायचं असतं, हे मला संध्याकाळी चारला कळलं. बाण सकाळी दहाला अडकला होता. जेवणही मी तिथंच घेतलं, कारण त्याला एकट्याला सोडून जाणं बरं दिसेना.

मग प्रिंटर. नियमाप्रमाणे विजेत्या नंबराची चिठ्ठी छापून फलकावर लावावी लागते. अठ्ठ्याण्णव सालच्या सिस्टिमला आजचा प्रिंटर ओळखता येईना. क्लॅरी म्हणाला, "आजोबांना नातवाची भाषा कळत नाही. मधे बाप बसव." म्हणून मी दहा वर्षांपूर्वीची एक सिस्टिम दुसरा पोटभाडेकरू म्हणून आणली, दुभाष्याचं काम करायला. मग क्लॅरी म्हणाला की आजोबा एकटे ठेवणं धोक्याचं, काही झालं तर? म्हणून आजोबांची हुबेहूब प्रत, तिसरा पोटभाडेकरू. आता एका डब्यात चार कॉम्प्युटर नांदत होते. पंखा असा घोंघावायचा की मांजर खोलीतून उठून गेलं ते क्लॅरीकडे राहायला गेलं.

"मला शाळेतल्या मेळाव्याची यादी टाइप करायचीय," ग्लेनिस म्हणाली. "ह्यातलं आपलं घर कुठलं?"

"बाहेरचं. सगळ्यात बाहेरचं."

तिनं यादी टाइप केली ती आजोबांच्या खोलीत. दीडशे नावं, कोण केक आणणार, कोण स्कोन आणणार, सगळं.

आणि त्याच संध्याकाळी मला तो शोध लागला, ज्याचा मला पुढे महिनाभर अभिमान वाटला. ह्या आतल्या मशिनचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवता येतो. स्नॅपशॉट. काही बिघडलं की एक बटण दाबायचं, मशिन त्या फोटोतल्या क्षणाला परत जातं. मधे काय झालं ते त्याला काडीचंही आठवत नाही. त्या दिवशी सतरा प्रयत्नांनंतर मर्व्हचा प्रोग्राम पडद्यावर उघडला. हिरवी अक्षरं, खाली 'सोडत काढण्यासाठी कळ दाबा.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कळ दाबली नाही. श्वास रोखून त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेतला. आता पंचेचाळीस मिनिटं थांबणं नाही, निळं पडणं नाही. दर शुक्रवारी बटण दाबायचं की मर्व्ह तयार.

त्याआधी चाचणी म्हणून, मशिननं काल आपणहून काढून ठेवलेल्या एका स्नॅपशॉटवर मी मागे गेलो होतो. ग्लेनिसची यादी त्यातच गेली.

"कुठे गेली?"

"ती आता कधी लिहिलीच गेली नव्हती," मी समजावून सांगितलं.

"लिंडसे, मी ती तीन तास बसून लिहिलीय."

"तुझ्या दृष्टीनं. त्याच्या दृष्टीनं नाही."

ती उठून मागच्या अंगणात गेली आणि कात्री घेऊन चोकोचा वेल छाटायला लागली. ही आमच्याकडची रागाची खूण आहे. मागच्या अंगणात चोकोचा वेल इतका माजलाय की तो मुळात कशावर चढवला होता हेही आता दिसत नाही. वर्षाला दोनशे फळं येतात, चव पाण्याची. ग्लेनिस वीस वर्षं म्हणतेय की तो वेल काढ. मी म्हणतो, बघू.

शुक्रवारी कॉम्प्युटर गाडीच्या पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसवला आणि क्लबात नेला. ग्लेनिस मागे बसली. दारात नोएलीन तपासणीचा फॉर्म घेऊन उभी. आमच्याकडे क्लबातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूला तपासणीची चिठ्ठी लटकवावी लागते, अगदी टोस्टरलासुद्धा. फॉर्मवर 'कॉम्प्युटरची संख्या' असा रकाना होता. मी सरळमार्गी माणूस. चार लिहिलं.

"चार चिठ्ठ्या लागतील," नोएलीन म्हणाली.

"अगं, पण वायर एकच आहे."

"ते तू चार लिहिताना बघायचं होतंस."

एका वायरीला चार चिठ्ठ्या लटकवल्या. साडेसहाला सगळा क्लब जमला. मी बटण दाबलं, हिरवी अक्षरं उगवली, कळ दाबली. त्रेसष्ट. ग्लेनिस लाजत उठली, टाळ्या पडल्या. टाळ्या खरं तर मला होत्या. नोएलीननं तिथल्या तिथे जाहीर केलं की आजीव सभासदत्वासाठी लिंडसे प्रुएटचं नाव कार्यकारिणीनं एकमतानं धरलंय आणि ऑर्मंड पेंटर उद्यापासून रंगवायला घेईल. ऑर्मंड संथ काम करतो, सभेपर्यंत पुरं व्हायचं तर आत्ताच सुरू करायला हवं.

त्या रात्री मी तीन चॉप्स खाल्ले. इतकं समाधान मला निवृत्तीच्या दिवशीही झालं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्रेसष्ट. लोक हसले. कोणी म्हणालं, ग्लेनिस, घोड्यावर पैसे लाव. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्रेसष्ट. कोणी हसलं नाही, खाटीक फक्त खोकला. मला, खरं सांगतो, संशय आला नाही. मला मत्सर वाटला. तेराशे शुक्रवार मी कोरडा आणि ही ओळीनं तीनदा. घरी येऊन मी तिला म्हणालो, "काही माणसांना सगळंच मिळतं."

"मला नकोय रे मटण," ती म्हणाली. "फ्रीझरचं झाकण लागत नाहीये. क्लॅरीला सॉसेज देऊ का?"

तिनं क्लॅरीला दिली, पोस्टमनला दिली, समोरच्या म्हातारीला दिली. गावात झालं की लिंडसे तोंडं बंद करण्यासाठी सॉसेज वाटतोय. चांगुलपणा केला आणि हात दाखवून अवलक्षण झालं.

चौथ्या शुक्रवारी ऑर्मंड बिअरच्या दोन पिंपांवर फळी टाकून त्यावर उभा होता आणि 'लिंडसे प्रु' इतकं रंगवून झालं होतं. मी कळ दाबली. पडद्यावर त्रेसष्ट. 

"ऑर्मंड," नोएलीन शांतपणे म्हणाली, "खाली ये."

ऑर्मंड ब्रश धुऊन खाली आला. त्या दिवसापासून फळ्यावर मी अर्धाच. येणारा जाणारा मान वर करून वाचायचा, लिंडसे प्रु. ह्यापेक्षा नाव नसतं तर बरं. अपमान करायचा तर पूर्ण नावानं करावा.

ग्लेनिस म्हणाली, "माझा नंबर त्या प्रोग्राममधून काढून टाक, म्हणजे कटकट मिटेल."

मी ताठ झालो. "ग्लेनिस, कोणाचा नंबर गुपचूप काढून टाकणं ह्याला लबाडी म्हणतात. मर्व्हनं हा प्रोग्राम प्रामाणिकपणासाठी लिहिला. माझा हात त्याला लागणार नाही."

आणि बाणेदारपणे मी पाचव्या शुक्रवारीही सोडत काढली. सांगायला नकोच. ग्लेनिस ट्रे घ्यायला उठलीच नाही. ट्रे टेबलावर तसाच राहिला आणि पार्सली सुकली.

सोमवारी राज्याच्या सोडत-परवाना खात्याकडून पत्र आलं. निनावी तक्रार झाली होती. मंगळवारी सकाळी दहाला निरीक्षक रोसाल्बा पिसानी क्लबाच्या दारात. चाळिशीच्या, हातात वही, चेहरा असा की हिच्या सोडतीत आपला नंबर नको. क्लबात सगळी कार्यकारिणी हजर, बेरिलही आली होती, मर्व्हची बायको, चौऱ्याऐंशी वर्षांची, विणकाम घेऊन. क्लॅरी कोणी न बोलावता आला होता. त्याच्याबरोबर आमचं मांजरही होतं.

"ह्यात कॉम्प्युटर किती?" पिसानीबाईंनी चार चिठ्ठ्या बघून विचारलं.

"एक," मी म्हणालो. "म्हणजे चार. पण एक."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला ते उलटं वाचता आलं नाही.

"आठवडाभर हा कुठे असतो?"

"माझ्या घरी."

"ज्यांना पाच वेळा ट्रे लागला त्या सौ. प्रुएट कुठे असतात?"

"त्याही माझ्याच घरी."

कार्यकारिणीतल्या कोणीतरी घसा साफ केला. पिसानीबाई म्हणाल्या, "शुक्रवारी करता तसं करून दाखवा." मी बटण दाबलं, हिरवी अक्षरं उगवली, कळ दाबली. त्रेसष्ट. "पुन्हा." पुन्हा बटण, पुन्हा कळ. त्रेसष्ट. "पुन्हा." त्रेसष्ट.  ग्लेनिस भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"ते पहिलं बटण कसलं?" पिसानीबाईंनी विचारलं.

इथं मला थोडा धीर आला, कारण हा माझा शोध होता. मी सविस्तर सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं, निळं पडणं, सतरा प्रयत्न, तो सोन्याचा क्षण, कळ दाबायच्या आधीचा. "मशिनला मधलं काही आठवत नाही," मी अभिमानानं म्हणालो. "दर शुक्रवारी आम्ही त्याच क्षणाला जातो."

पिसानीबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे प्रुएट, ह्या मशिनच्या दृष्टीनं शुक्रवार एकदाच आलाय. पुढचा आकडा त्यानं तेव्हाच मनात धरलेला होता. तुम्ही एकच सोडत पाच वेळा काढलीत. आता मागे जाऊ नका. नुसती कळ दाबा."

मी नुसती कळ दाबली. सतरा. पुन्हा दाबली. एकशे अठ्ठावीस. पुन्हा. नऊ. महिन्याभरात मला एकदाही दुसऱ्यांदा कळ दाबायचं सुचलं नव्हतं. मला एकदम ग्लेनिसची यादी आठवली, आणि तिलाही आठवली असावी, कारण ती वळून माझ्याकडे जे बघायला लागली ते बघणं मी इथं वर्णन करत नाही.

कार्यकारिणीनं तिथंच ठराव घेतला. 'लिंडसे प्रुएट हे अप्रामाणिक नसून अजाण आहेत.' क्लॅरीला मत नव्हतं तरी त्यानं अनुमोदन दिलं. ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधातलं मत खाटकाचं; त्याच्या मते दोन्ही असायला हरकत नव्हती.

"फळ्याचं काय?" मी विचारलं.

"एक शेवटची गोष्ट," पिसानीबाई म्हणाल्या. "प्रोग्राममध्ये कोणी ढवळाढवळ केली नाही ना, ते बघते. मूळ मजकूर उघडा. मी चष्मा गाडीत विसरले, कोणीतरी वाचा."

नोएलीन वाचायला उभी राहिली. तिचा आवाज हिरवळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. ओळीमागून ओळ वाचत गेली, आकडा काढ, तो दोनशेच्या आत आहे का बघ, वगैरे. मग थांबली.

"'आकडा एक्केचाळीस आला तर टाकून दे आणि दुसरा काढ.'"

"एक्केचाळीस कोण?" पिसानीबाईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खाली मर्व्हची टीप आहे," नोएलीन म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "'हे लिंडसेसाठी. ज्या दिवशी तो माझी शिडी परत आणेल त्या दिवशी ही ओळ खोडायची. मार्च सत्त्याण्णव.'"

 मग ग्लेनिस एकच शब्द बोलली. "चोको."

मार्च सत्त्याण्णवमध्ये मी पन्हाळी साफ करायला मर्व्हकडून लाकडी शिडी आणली होती. उंच, पाय फाकवून आपली आपण उभी राहणारी. पन्हाळी साफ झाल्या. शिडी मागच्या अंगणात उभी राहिली, आणि ती उभी आहेच तर तिच्या पायाशी एक चोको लावावा म्हणून लावला. बाकी वेलानं केलं. मर्व्ह आमच्या अंगणात बसून शेकडो वेळा बिअर प्यायला, त्या वेलाच्या सावलीत. एका शब्दानं बोलला नाही. फक्त शुक्रवारी पाठीवर थाप मारून म्हणायचा, नशीब वर टांगलेलं असतं, लिंडसे, हात पोचायला हवा. मला आधी राग आला. मग इतकी लाज वाटली की बसायला खुर्ची शोधली. आणि त्या सगळ्याच्या खाली, त्याला जाऊन चार वर्षं झाल्यावर, तो अजून माझी वाट बघतोय असं वाटून मला रडू यायला लागलं.

बेरिल विणत होती. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "एखाद्या शुक्रवारी घरी येऊन हसत सुटायचा तो. आज पुन्हा एक्केचाळीस आला आणि गेला, म्हणायचा. एकदा तर ओळीनं दोनदा आला होता तुझा नंबर."

"हा मात्र खरा गैरप्रकार आहे," पिसानीबाई म्हणाल्या. "कर्ता हयात नाही, कारवाई होणार नाही. पण प्रुएट, तुमचा हक्क बुडाला. तुम्ही क्लबाविरुद्ध तक्रार देऊ शकता. द्यायची आहे?"

सबंध क्लबाचं लक्ष माझ्यावर. नोएलीननं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"तक्रार द्यायची नाही," मी म्हणालो. "शिडी द्यायची आहे."

शिडी बाहेर काढायला मला, क्लॅरीला आणि ऑर्मंडला दोन दिवस लागले. वेल तिच्या प्रत्येक पायरीत शिरला होता. सोडवता सोडवता थोडा तसाच राहिला. ग्लेनिस खुर्ची टाकून बघत बसली आणि मधून मधून म्हणायची, "बघू." बेरिलच्या दारात शिडी उभी केली तर ती म्हणाली, "चौऱ्याऐंशीव्या वर्षी मी शिडीचं काय करू रे? क्लबाला दे. आणि त्यावरचे चोको मला काढून दे, मर्व्हला आवडायचे."

"मर्व्हला चोको आवडायचे?"

"म्हणून तर तो गप्प बसला."

वार्षिक सभेच्या शुक्रवारी फ्रीझरमधलं सगळं मटण क्लबाच्या शेगडीवर चढलं. वाटून उरलेली सॉसेज सगळ्या गावानं खाल्ली. खाटकानं चार खाल्ली आणि माल चांगला असल्याचं सांगितलं. निरीक्षकांच्या अहवालात दोन सूचना होत्या. सोडत बादलीतून काढावी, आणि पिंपांवर फळी टाकून कोणीही उभं राहू नये. त्यामुळे ऑर्मंडला वर चढायला शिडी लागली. नोएलीननं शिडीला तपासणीची चिठ्ठी बांधली. ती विजेवर चालत नाही, हे मी म्हणालो नाही. मी आता पुष्कळ गोष्टी म्हणत नाही. ऑर्मंड मर्व्हच्या शिडीवर चढला, वेलाची सुकी दोरी बाजूला केली आणि माझं उरलेलं नाव रंगवलं.

साडेसहाला बादली आली. नोएलीननं बेरिलचे दोन्ही हात उलटसुलट बघून सॉस नसल्याची खात्री केली. बेरिलनं चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ धरली आणि वाचायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं. मी ग्लास खाली ठेवला.

"बेचाळीस," ती म्हणाली.

बेचाळीस क्लॅरीचा. तो ट्रे उचलून माझ्या शेजारी आला आणि म्हणाला, "एका नंबरानं हुकलास रे."

"हुकलो," मी म्हणालो. तेराशे शुक्रवारांत मी पहिल्यांदाच स्वतःच्या नशिबानं हरलो होतो. मी ग्लास उचलला आणि फळ्याकडे बघितलं. मर्व्हच्या नावाखाली माझ्या नावाची शेवटची अक्षरं अजून ओली होती, आणि शिडी कोणी हलवली नव्हती.